सरळ केलेला कागद

नागपुरातल्या पुष्कळ घरांत देवाच्या तसबिरीच्या पाठीला कुणाचं तरी मानपत्र लागलेलं आहे. घरच्यांना ते ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, कारण ते मीच लावलं आहे.

यात फसवणूक नाही, काटकसर आहे. मानपत्राचा पुठ्ठा उत्तम असतो. सत्कार होतो, मानपत्र चार-पाच वर्षं दिवाणखान्यात टांगलेलं राहतं, मग घराला रंग देताना खाली उतरतं ते पुन्हा वर चढत नाही. एके दिवशी सत्कारमूर्तींचा मुलगा ते स्कूटरवर पायाशी उभं धरून माझ्या दुकानात येतो. "काका, फ्रेम चांगली आहे. आतलं काढा आणि बाळाचा फोटो बसवा." आतल्याचं काय करू, असं मी सुरुवातीला विचारत असे. "ठेवा तुमच्याकडेच," हे उत्तर इतक्यांदा मिळालं की पुढे विचारणं सोडलं. 'आपल्या तेजस्वी कर्तृत्वाने उजळलेल्या दाही दिशा' आज एखाद्या गणपतीच्या पाठीशी धूळ अडवत उभ्या आहेत. मूळ कामापेक्षा हे काम बरं.

धंतोलीतल्या एका गल्लीत माझं फ्रेमचं दुकान चाळीस वर्षं होतं. यंदा बंद केलं. सुरुवात केली तेव्हा गल्लीत बंगले होते आणि बंगल्यांपुढे पेरूची झाडं. मग एकेका बंगल्याचा दवाखाना झाला, झाडांच्या जागी रुग्णवाहिका उभ्या राहू लागल्या. धंद्याला ते मानवलं. दवाखान्यातून माझ्याकडे दोन प्रकारचं गिऱ्हाईक येई. रुग्ण बरा झाला तर घरचे डॉक्टरांना द्यायला सोनेरी फ्रेमीतला गणपती नेत. बरा झाला नाही तर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणत आणि तेरवीच्या आधी पाहिजे म्हणत. दोघांनाही घाई असे. दुसऱ्या प्रकारच्यांशी मी कधी मुदतीवरून हुज्जत घातली नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, फ्रेम म्हणजे चार पट्ट्या आणि एक काच. तसंच आहे, फक्त त्या चार पट्ट्यांचे कोपरे जुळावे लागतात. एका कोपऱ्यात केसाएवढी फट राहिली तर ती उरलेल्या तीन कोपऱ्यांवर चालून जाते. चित्राभोवती जाड कागदाची रिकामी चौकट असते, तिला माउंट म्हणतात. काच चित्राला चिकटू नये म्हणून ती असते. मागे पुठ्ठा, बारीक खिळे, कडेला कागदी पट्टी. काच कापणं हे आमच्यातलं सगळ्यात वरचं काम. ते माझ्याकडे शंकर करी. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, मूळचा वर्ध्याकडचा, आणि काच सोडून बाकी सगळ्या गोष्टींत तोंड घालणारा.

वाचनाची सवय मला याच धंद्यानं लावली. जुनी फ्रेम उघडली की पाठीत जुनं वर्तमानपत्र निघतं. ते वाचल्याशिवाय मी कधी टाकलं नाही. त्यामुळे चालू घडामोडींत मी नेहमी तीसेक वर्षं मागे असतो. त्यानं फारसं काही बिघडत नाही, माणसं तीच असतात.

माझे उस्ताद शहरातल्या महाल भागात फ्रेमा करत. त्यांनी दोन नियम दिले. पहिला, "कागज आया, तो पहले उसकी अकड़ निकालो." म्हणजे कागद कुठलाही असो, आधी सरळ करायचा. पाठीकडून ओलसर कपडा फिरवायचा, वर-खाली टीपकागद, त्यावर काचांची चळत, आणि दोन दिवस हात लावायचा नाही. दुसरा नियम, "ग्राहक से साइज पूछो, क्यूँ मत पूछो." कोण काय फ्रेम करतो याचं कारण विचारायचं नाही. चाळीस वर्षं हे दोन्ही नियम मी पाळले आणि दोन्हींचा मला अभिमान होता. ही हकीकत त्या अभिमानाची आहे.

विचारायचं नाही म्हणून पाहिलेल्या गोष्टी पुष्कळ. एका गृहस्थांनी मानपत्र आधी फ्रेम करून घेतलं. सत्कार नंतर ठरला, आणि करणारी संस्था त्याच्याही नंतर स्थापन झाली. एकांनी वडिलांचा शेवटचा कार्डिओग्राम फ्रेम केला, लांब पट्टीसारखा. दोन भाऊ वडिलांनी बांबूच्या काड्यांचा केलेला आकाशकंदील घेऊन आले. घराच्या वाटण्या झाल्या होत्या आणि कंदिलाचे दोन भाग करून दोन फ्रेमा हव्या होत्या. ते काम मी केलं नाही. शंकर त्यांना म्हणाला, "बाबूजी, एकानं उजेड न्या, एकानं कंदील न्या." ते दोघंही रागावून गेले. एकत्र गेले, एवढंच.

हातानं केलेली कागदाची वस्तू घेऊन येणारा माणूस मला दारातून ओळखू येई. मानपत्रवाला गाठोडं टेबलावर आपटतो आणि मजकूर वाचून दाखवतो. हा पिशवीतून वही काढतो, वहीतून पाकीट, पाकिटातून ती वस्तू, आणि म्हणतो, "काही विशेष नाही, असंच आहे." जवळच्या दवाखान्यातल्या एका लेडी डॉक्टरनं असंच म्हणत कागदाचं मनगटी घड्याळ पुढे ठेवलं होतं. पट्ट्यासकट, स्केचपेननं काढलेलं. काट्यांत सहा वाजले होते. वॉर्डातल्या एका मुलाला तिनं सांगितलं होतं, मी सहाला येईन, म्हणून त्यानं तिच्यासाठी केलं होतं. मी काही विचारलं नाही, तीच बोलली. "मी आठला पोचले." फ्रेम तिनं आपल्या केबिनमध्ये लावली नाही, घरी नेली.

आता प्रमोदचं.

तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा होता, कूलरपुढून उठवत नसे असे दिवस. प्रमोद पन्नाशीचा, हिंगण्याच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर. पहिली पाळी सुटल्यावर थेट मोटरसायकलनं आलेला, गळ्यात कंपनीचं कार्ड तसंच. त्यानं हेल्मेट काउंटरवर ठेवलं आणि शर्टाच्या खिशातून औषधाच्या दुकानाचं तपकिरी पाकीट काढलं.

"काका, हे फ्रेम करायचं होतं. जपून करजा जी."

"साइज?"

"आहे तेवढंच. काका, हे असं आहे न का..."

तेवढ्यात माझा फोन वाजला. शेजारच्या गल्लीतल्या एका मोठ्या दवाखान्याच्या संचालकांचा सत्कार होता. चार फुटी मानपत्र माझ्याकडे आलं होतं आणि त्यांचा कार्यालयीन व्यवस्थापक दिवसातून तीनदा फोन करी. या वेळी कोपऱ्यांवर पितळी फुलं लावायची टूम निघाली होती. मी फोनवर हात ठेवून प्रमोदला म्हणालो, "गुरुवारी." त्यानं पाकीट माझ्याकडे सरकवलं आणि हेल्मेट घालून गेला.

संध्याकाळी पाकीट उघडलं. आत औषधाच्या खोक्यातून निघतं तसलं माहितीपत्रक, पातळ कागद, मुंगीएवढी अक्षरं, घड्या घालून लहान चौकोन केलेलं. औषधाचा कागद खोक्यात तसाच घडी घालून येतो. शंकरनं मान वाकडी करून पाहिलं.

"काका, हे तं गोळ्यायचं चिठोरं आहे."

"असेल."

"याची फ्रेम काहून करते हा?"

"आपल्याला काय करायचं आहे?"

"विचारून तं घ्यायचं होतं न जी."

"कार्डिओग्रामच्या वेळी विचारलं होतं?"

शंकर काच पुसायला गेला. मी कागद उलगडला. घड्या पुष्कळ होत्या, बारा-चौदा. तीन कडा ठीक, चौथी हातानं फाडल्यासारखी. पट्टी लावून मी ती कड सरळ कापली, जेमतेम एक सूत. काही घड्यांवर ओळीनं बारीक खळगे होते. झुरळ, मी मनात म्हटलं. मग पाठीवरून ओलसर कपडा फिरवला, टीपकागदात घातलं, आणि संचालकांच्या मानपत्रावर ठेवून वर काचांची चळत रचली. दोन दिवस दोघं एकावर एक झोपले होते.

काम छान झालं, हे मला सांगितलंच पाहिजे. बारीक काळी पट्टी, सायीच्या रंगाचं माउंट, मधोमध तो चौकोनी कागद, एक सुरकुती नाही. औषधाचे दुष्परिणाम इतके देखणे कधी दिसले नसतील.

गुरुवारी प्रमोद आला. फ्रेम हातात घेतली, समोरून पाहिली, उलटी करून पाहिली, मग काउंटरवर इकडेतिकडे पाहिलं.

"माझं कमळ कुठी आहे जी?"

"कसलं कमळ?"

"पाकिटात होतं न. घडीचं. मागच्या पाकळ्या ओढल्या का उमलते ते."

बोलायला उशीर झाला होता. मग जे त्यानं मला पहिल्या दिवशी सांगायला सुरुवात केली होती, ते मी आता ऐकलं. त्याची बायको सुनंदा, गावच्या अंगणवाडीत शिकवणारी. नसांचा आजार. पायांपासून सुरू झाला आणि वर चढत आला. दीड महिन्यापासून ती शेजारच्या गल्लीत भरती होती. आता हातही चादरीवर नुसते ठेवलेले असत. परत येतील का, तर डॉक्टर म्हणत, वेळ द्या. हात जाण्याआधी तिनं औषधाच्या कागदाचं एक कमळ करून त्याला दिलं होतं. ते पलंगाजवळच्या कपाटावर असे. झाडलोट करणारी मावशी एकदा ते कचरा म्हणून घेऊन गेली, त्यानं बादलीतून काढून आणलं. म्हणून फ्रेम. काचेआड राहील, कोणी मोडणार नाही. खिशात मावावं म्हणून पाकळ्या मिटून त्यानंच चपटं केलं होतं.

"तिच्या बोटाचं शेवटचं होतं काका ते," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

शंकरनं कूलर बंद केला. का, कोण जाणे.

"घडी पुन्हा घालता येईल," मी म्हणालो. "तुम्हाला माहीत आहे कशी घालतात?"

"रोज पाहत होतो. पण पाहिलं नाही जी." मग फ्रेमीकडे बघत म्हणाला, "आता तिले काय सांगू? ती वाट पाहून राहिली."

"मी येतो सांगायला."

"तुम्ही काहून?"

"बिघडवलं कोणी?"

पक्कड घेऊन मी मागचे खिळे काढले. खिळे काढायला मला इतका वेळ आयुष्यात लागला नव्हता. कागद पुन्हा त्याच तपकिरी पाकिटात घातला आणि आम्ही चालत निघालो. पाच मिनिटांचा रस्ता. दवाखान्यात शिरताच स्वागतकक्षाच्या भिंतीवर माझं चार फुटी मानपत्र होतं, पितळी फुलांसकट, वर खास दिवा सोडलेला. चार लोक त्याच्याखाली बसून आपापल्या फायली चाळत होते. वर पाहणारा कोणी नव्हता.

सुनंदा खिडकीजवळच्या पलंगावर होती. चाळिशी उलटलेली, चष्मा, डोक्याशी दोन उशा. हात खरंच दुसऱ्या कोणाचे आणून ठेवल्यासारखे होते. डोळे मात्र अंगणवाडीच्या बाईंचे, कोण उशिरा आलं ते टिपणारे.

"आले का जी? अन् हे कोण?"

"फ्रेमवाले काका."

"मंग फ्रेम कुठी आहे?"

प्रमोद खिडकीबाहेर पाहू लागला. म्हणून मीच सांगितलं. "तुमचं कमळ मी उलगडलं. नुसता औषधाचा कागद वाटला. घड्या काढून टाकल्या."

"कशा काढल्या?"

"ओलं करून, काचेखाली दाबून."

"किती वेळ?"

"दोन दिवस."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "बापा! वीस वर्षं पोट्टे सांभाळले मी. पण इतकं पद्धतशीर कोणी बिघडवलं नाही."

मला हसायचं होतं, जमलं नाही.

"दाखवा इकडे. असं नाही, खिडकीशी धरा. तिरपं."

संध्याकाळचं ऊन आडवं येत होतं. मी कागद तिरपा धरला आणि माझ्या दोन दिवसांच्या मेहनतीवर पाणी पडलं. सगळ्या घड्या दिसू लागल्या, पुसलेल्या पाटीवरचा खडू दिसावा तशा. चार मोठ्या, चारही कोपरे मध्यावर आणताना पडलेल्या. त्यांच्या आत चार. मग त्याहून आत आणखी चार. कागदाची अकड निघत नाही, ती नुसती खाली बसते, हे उस्तादांनी सांगितलं नव्हतं. त्यांनाही कदाचित ठाऊक नसावं.

"ह्या पहिल्या चार," ती म्हणाली. "नखानं दाबल्या होत्या. पाहा न कशा करकरीत आहेत. मंग ह्या दुसऱ्या चार. यातली ही एक, अन् ही..." आणि ती थांबली.

प्रमोद वाकून पाहत होता. "अन् हे खड्डे कायचे वं, ओळीनं?"

इथे मी तज्ज्ञ म्हणून बोललो. "झुरळाचे."

"झुरळ नाही काका," ती म्हणाली. "मी."

शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीच्या नातेवाइकांनी डबा उघडला होता, त्याचं झाकण खाली पडून गोल गोल फिरत राहिलं.

"दातानं दाबलं," सुनंदा म्हणाली. "बोटं त्या रविवारीच गेली होती. कमळ मंगळवारी केलं. दुमडायचं मनगटानं, दाबायचं दातानं."

"मले तं म्हणे, हात बरा चालून राहिला."

"मंग काय म्हणू? तुम्ही पाळी करून, उपाशी, डबा घेऊन उभे. तोंड एवढंसं झालेलं. म्हटलं, एक कमळ पाहून तरी जेवतीन."

"जेवलो होतो," प्रमोद म्हणाला.

"माहीत आहे न मले."

तो स्टुलावर बसला. महिनाभर तो येईल त्या पाहुण्याला ते कमळ दाखवत होता, की पाहा, त्या मंगळवारपर्यंत तिची बोटं शाबूत होती, म्हणजे आजार काही जुना नाही, परत फिरेल. त्याचा सगळा हिशोब त्या मंगळवारवर उभा होता. आणि तो मी कड कापून, ओला करून, माउंटमध्ये बसवून उघडा पाडला होता.

"म्हणजे बोटाचं नव्हतंच ते," तो म्हणाला.

"अर्धं होतं," ती म्हणाली. "अर्धं कमी असते काय? आता रडत बसू नका. ते जेवणाचं टेबल ओढा अन् घडी घाला."

"मले नाही येत वं."

"चार कोपरे मधात आणा. चार वर्षाचं पोट्टं करते."

प्रेस मशीनवर तीस वर्षं घालवलेले ते हात. अंगठ्याचं नख काळं पडलेलं. त्यानं पहिला कोपरा मध्यावर आणला आणि कागद फुंकरीनं उडेल अशा भीतीनं दाबला.

"नख फिरवा, नख! पावडर लावल्यावानी काय करता?"

दुसरा कोपरा. तिसरा. चौथा मध्यापर्यंत पोचेना.

"याले एका बाजूनं कापलं कोणं?"

"मी," मी म्हणालो. "कड वाकडी होती."

"सवय?"

"सवय."

"ती मीच फाडली होती. पत्रक लांब होतं न, चौकोन करायले. तेही दातानंच." ती प्रमोदला म्हणाली, "ओढू नका, फाटन. नाही पोचत तं नाही पोचत. पुढचं करा."

मी एक कोपरा धरून ठेवला होता. एवढंच काम मला दिलं गेलं होतं. बारा घड्या घालायला त्याला पाऊण तास लागला. दोनदा उलट्या झाल्या, दोनदा तिनं त्याला सगळं मोडायला लावलं. शेवटी पाकळ्या ओढल्या तेव्हा एक फाटली आणि जे उभं राहिलं ते एका बाजूला कललेलं, कापलेल्या कडेकडे. कोबीचं पान म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिनं ते बराच वेळ पाहिलं.

"चालते," ती म्हणाली.

मला भरपाई करायची होती. मी म्हणालो, खोलगट पेटीची फ्रेम करतो, आतून मखमल, समोर चांगली काच, काही घेणार नाही.

"नको काका. फ्रेमीत टाकलं का त्याले कोणी हात लावत नाही." मग नवऱ्याला, "उद्या आल्यावर हे मोडा अन् पुन्हा घाला. रोज. मी पाहीन. बोटं आली तं मी घालीन."

निघताना मी उगाच विचारलं, मावशीनं परत कचऱ्यात टाकलं तर? दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या काळ्या पट्टीची वीतभर फ्रेम केली. आत माउंटच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'हा कचरा नाही.' अक्षर माझं वाईट आहे. चाळीस वर्षांत स्वतःच्या हातचं काही फ्रेम केलं नव्हतं, ते हे पहिलं. शंकर नेऊन देऊन आला. म्हणाला, "बाई हसली. अन् मावशी म्हणे, मलेही एक पाहिजे, गळ्यात घालायले."

महिन्याभरानं प्रमोद सांगून गेला की तिला घरी नेतो आहे, आता व्यायामावरच आहे. त्यानंतर काही कळलं नाही. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक परत येत नाही म्हणजे सगळं ठीक असतं किंवा काहीच ठीक नसतं. दोन्हींत भिंतीवर फ्रेम तीच. मी फोन केला नाही. नंबर पावतीवर होता. न विचारण्याची सवय इतकी सहज सुटत नाही, आणि खरं सांगायचं तर उत्तराची भीती वाटली. त्यांच्यासाठी केलेली फ्रेम, बारीक काळी पट्टी आणि सायीचं माउंट, मध्ये काही नाही, दुकानात खिळ्याला तशीच लटकत राहिली. गिऱ्हाइकं विचारत, ही केवढ्याला? शंकर म्हणे, "हे नाही विकायची. हे काकाची आहे, चूक आहे."

त्यानंतर कामात मन लागेना, असं म्हणणं नाटकी होईल. काम करत राहिलो. फक्त थकलो. गुडघे गेले, लाकडाचा भुसा छातीत बसू लागला, आणि मानपत्रं वाढतच गेली. पूर्वी माणूस निवृत्त झाला की सत्कार होई, आता रुजू झाला की होतो. इमारत विकली गेली, खाली तपासणी केंद्र येणार म्हणाले. मुलगा शहराच्या कडेला, बेसाला राहतो. "बाबा, आता बस करा," तो दोन वर्षं म्हणत होता, यंदा मी ऐकलं. गल्लीतल्या दुकानदारांनी माझा निरोपसमारंभ केला. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. बाहेरून करून आणलेलं, अॅक्रिलिकचं, पारदर्शक. आतलं काढता येत नाही आणि कशाच्या पाठीलाही लावता येत नाही.

शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं काचा खोक्यांत भरत होतो. कोणी तरी काउंटरवर हेल्मेट ठेवलं. प्रमोद होता. केस पिकलेले, गळ्यात कार्ड तेच.

"काका, दुकान बंद करून राहिले म्हणे. इकडे औषधं घ्यायले आलो होतो मागच्या वेळी, तं पाटी पाहिली. घरी सांगतलं." त्यानं खिशातून तपकिरी पाकीट काढलं. "हे तिनं दिलं. तुमच्यासाठी आहे, फ्रेमीसाठी नाही म्हणे. अन् एक सांगतलं. पाहा, पण उलगडू नका."

शंकर मागून म्हणाला, "मी लक्ष ठेवतो जी."

आत चपटा चौकोन होता. त्याच औषधाचं पत्रक, मुंगीएवढी अक्षरं. चारही कोपरे मध्यावर नेमके टेकलेले. मी तो दाराशी नेला आणि उजेडात तिरपा धरला. शेवटच्या चार घड्या वर असतात आणि दाबायला सगळ्यात जड, त्या दिसत होत्या. दोन नखानं ओढल्यासारख्या करकरीत. उरलेल्या दोन्हींवर ओळीनं बारीक खळगे.

बाकीच्या घड्या आत होत्या. पाकळीखाली नख घालून हलकेच उचललं असतं तर दिसल्या असत्या. माझं नख तिथपर्यंत गेलंही होतं. मी ते मागे घेतलं.

"आतल्या?" मी विचारलं.

"आतल्या बोटाच्या," प्रमोद म्हणाला.

"किती?"

"आठच्या आठ."